दादरची पॅसेंजर दिव्याला का अडकली?

प्रश्न डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा आहे. गाव संगमेश्वरजवळ, गणपती आणि शिमग्याला जाणं ठरलेलं. ते विचारतात: 'पॅसेंजर तोट्यात जातात म्हणून बंद केल्या, असं वर्षानुवर्षं ऐकतोय. आम्ही चढतो तेव्हा तर एका पायावर उभं राहायलाही जागा नसते. मग तोटा कसला? दादर–रत्नागिरी पॅसेंजर ठाण्यापलीकडे दिव्यालाच का थांबू लागली? आणि लोकलसारख्या विजेवरच्या मेमू गाड्या आल्या की हे सुधारेल का?'

मी रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यात 34 वर्षं काढली. त्यातली 11 सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे आपल्या पट्ट्यात कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणारा, आणि शेवटची काही वेळापत्रकाच्या टेबलावर. म्हणजे ज्यांनी पॅसेंजर रखडवल्या त्यांच्यात मीही आहे. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं दुसऱ्यांकडे बोट दाखवल्यासारखं वाटेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पॅसेंजर तोट्यामुळे बंद पडत नाही. तोटा लोकललाही आहे, कितीतरी एक्स्प्रेस गाड्यांनाही आहे. 2016 पासून आपल्या तिकिटावर छापून यायला लागलं की प्रवासाच्या खर्चातले सरासरी 57 टक्केच रेल्वेला मिळतात. ते काही फक्त पॅसेंजरच्या तिकिटावर छापलेलं नव्हतं. तोटा हे कारण कागदावर शेवटी येतं, गाडीचं काय करायचं ते ठरून गेल्यावर. त्याआधी पॅसेंजरचा पाथ गेलेला असतो.

पाथ म्हणजे वेळापत्रकात त्या गाडीसाठी राखलेली रुळावरची जागा. अमुक वाजता हे स्टेशन सोडायचं, तमुक मिनिटांनी पुढचं गाठायचं, आणि तेवढा वेळ तो तुकडा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. एक्स्प्रेस थांबत नाही म्हणून तिचा पाथ सरळ तिरक्या रेषेसारखा असतो. पॅसेंजरचा पायऱ्यापायऱ्यांचा. दोन्ही एकाच कागदावर काढल्या की मागची एक्स्प्रेस पुढच्या पॅसेंजरला कुठेतरी गाठतेच. तिथे कुणीतरी बाजूला व्हायचं. कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

संगणक येण्याआधी कंट्रोलरच्या समोर मोठा तक्ता असायचा. आडवा वेळ, उभी स्टेशनं. आमच्याकडे मेल-एक्स्प्रेस लाल पेन्सिलीने, पॅसेंजर निळ्या, मालगाडी काळ्या. पाळी संपताना तक्ता पाहिला की लाल रेषा सरळ गेलेल्या दिसायच्या आणि निळी रेषा मध्येच आडवी पडलेली. आडवी रेषा म्हणजे गाडी उभी. तास-दीड तास आडवी पडलेली निळी रेषा मी स्वतः कितीदा काढली असेल, त्याची गणती नाही. सकाळी वर जो अहवाल जायचा त्यात मेल-एक्स्प्रेसची वक्तशीरता पहिली विचारायचे. राजधानी दहा मिनिटं मागे का, याचा खुलासा लेखी लागायचा. पॅसेंजर पाऊण तास मागे असली तर 'क्रॉसिंग', म्हणजे समोरच्या गाडीला वाट दिली, एवढा एक शब्द पुरायचा.

एक दिवस अजून आठवतो. तेव्हा पनवेल–रोहा एकेरी मार्ग होता. दिव्याहून रोह्याला निघालेली पॅसेंजर मी हमरापूरच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली, कारण समोरून एक उशिरा आलेली सुपरफास्ट यायची होती. ती आली, गेली. मागून आणखी एक एक्स्प्रेस होती, तिला पुढे काढलं. मग एक मालगाडी होती, तिच्या लोको पायलटची ड्युटीची वेळ भरत आली होती, म्हणून तिलाही वाट दिली. पॅसेंजरला 70 मिनिटं झाली. हमरापूरच्या स्टेशन मास्तरांचा फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाले, "साहेब, आता घाई करू नका. गाडी रिकामी झालीय. सगळे हायवेवर मिनीडोर रिक्षा पकडायला गेले."

पेण काही लांब नव्हतं. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका रूळ ओलांडून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या निम्म्या पनवेललाच उतरून मिनीडोर आणि एसटी करू लागल्या असतील. जास्त पैसे मोजून, पण बाजार उठायच्या आत पोचून. आणि सहा महिन्यांनी कुणीतरी फाइलवर लिहिणार, 'सदर गाडीस प्रतिसाद अल्प.' तो अल्प प्रतिसाद मी माझ्या निळ्या पेन्सिलीने तयार केला होता.

बंद पडलेल्या बहुतेक पॅसेंजरची कहाणी अशीच असते. उशीर, मग माणसं दुसरीकडे जाणं, मग आकडे पडणं, मग थांबा काढणं, मग अंतर कापणं. बंद करणं हा शेवटचा टप्पा, आणि तो सोपा जातो कारण तोवर ओरडायला फारसं कुणी उरलेलं नसतं.

आकड्यांचंही एक गौडबंगाल आहे, ते प्रवाशांना सहसा ठाऊक नसतं. छोट्या स्टेशनचं उत्पन्न मोजतात ते तिथे विकल्या गेलेल्या तिकिटांवरून. जिते, कासू, निडी अशी ठिकाणं घ्या. तिथल्या मुंबईकराने दिव्याला परतीचं तिकीट काढलं, तर दोन्ही बाजूंचा पैसा दिव्याच्या खात्यात. पास पनवेलला काढला तर पनवेलच्या. हॉल्ट, म्हणजे रेल्वेचा कर्मचारी नसलेला छोटा थांबा असेल तर तिकीट द्यायला कमिशनवरचा एजंट. तो एखाद्या दिवशी आलाच नाही तर लोक तसेच चढतात आणि उत्पन्न शून्य. मग वर्षाच्या शेवटी तक्त्यात कासूचा आकडा केविलवाणा दिसतो. शंभर माणसं रोज चढत-उतरत असली तरी कागदावर ती कासूची नसतात.

दुसरं गौडबंगाल आमच्या टेबलावरचं. शेवटच्या स्टेशनाच्या आधी वेळापत्रकात जादा मिनिटं घातलेली असतात, रिकव्हरी टाइम म्हणतात त्याला. मधल्या स्टेशनांवर 40 मिनिटं उशिरा धावणारी गाडी शेवटच्या स्टेशनला वेळेवर पोचल्याची नोंद होते. त्यात खोटं काहीच नाही, ती पोचलेलीच असते. पण मधल्या स्टेशनावर पावसात उभा असलेला माणूस हिशेबात येत नाही. आणि पॅसेंजर ही मधल्या स्टेशनांचीच गाडी. टोकापासून टोकापर्यंत जाणारा एक्स्प्रेसच पकडतो.

आता 2020. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर देशभरातली प्रवासी वाहतूक थांबली. इतक्या वर्षांत असा रिकामा तक्ता कुणी पाहिला नव्हता. खात्याने त्या रिकाम्या तक्त्यावर नवं वेळापत्रक आखायला घेतलं, शून्याधारित. आयआयटी मुंबईची मदत घेतली. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. जुन्या वेळापत्रकात ठिगळावर ठिगळ होतं. रुळांच्या देखभालीसाठी ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मोकळे ठेवलेले तास मिळत नव्हते, आणि ब्लॉक नाही मिळाला की काय होतं ते आम्ही भोगलेलं आहे. पण कोऱ्या कागदावर नव्याने मांडायला बसलं की आधी मोठ्या गाड्या बसतात. लहान गाड्यांना उरलेली जागा मिळते. त्याच सुमारास 200 किलोमीटरपेक्षा जास्त धावणाऱ्या पॅसेंजरना एक्स्प्रेस करायचं धोरण आलं. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरचा नंबर 50105 होता, तो 10105 झाला. गाडी तीच, वाट तीच, नाव एक्स्प्रेस.

नंबरचा पहिला आकडा बघायची सवय लावून घ्या, पुष्कळ गोष्टी कळतात. 2010 च्या डिसेंबरपासून पाच आकडी नंबर आले. 1 आणि 2 म्हणजे मेल-एक्स्प्रेस, 5 म्हणजे पॅसेंजर, 6 मेमू, 7 डेमू म्हणजे डिझेलवरची मेमू, 9 मुंबईची लोकल. आणि 0 म्हणजे विशेष. टाळेबंदीनंतर उरलेल्या पॅसेंजर हळूहळू परत आल्या त्या या शून्याच्या वेषात, 'विशेष' म्हणून, एक्स्प्रेसचं भाडं लावून. किमान भाडं 10 रुपयांचं 30 झालं. तळोज्याहून पनवेलला कामाला जाणाऱ्या माणसाला तीस रुपये. सहा आसनी रिक्षा त्याहून स्वस्त पडत असेल तर तो गाडीकडे कशाला फिरकेल? साध्या दुसऱ्या वर्गाचं भाडं 2024 च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा लागू झालं. मधल्या काळात ज्याने दुचाकी हप्त्यावर घेतली तो भाडं उतरलं म्हणून परत येत नाही. हप्ते चालू असतात.

मुंबईहून सुटणाऱ्या इतर गाड्यांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं. मुंबई–भुसावळ पॅसेंजर घ्या. कसाऱ्यापलीकडच्या लहान स्टेशनांची ती गाडी होती. 2020 नंतर ती मुंबईहून सुटायची बंद झाली. घाटापलीकडे इगतपुरी–भुसावळ मेमू आली, ती चांगली चालते, पण मुंबईकराला आता कसाऱ्यापर्यंत लोकल, मग घाट कसातरी पार, मग मेमू. घाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे. तिथे मागून बँकर इंजिनं लावून गाड्या चढवतात. लोकल कसारा आणि कर्जतला थांबते त्याचं कारण हेच. कर्जत–पुणे शटलने लोणावळ्याला शिकायला जाणारी पोरं होती, त्यांची तीच गत. 2019 च्या पावसात घाटात दरडी आल्या, कामं निघाली, मागोमाग टाळेबंदी.

तुमच्या दादरच्या प्रश्नावर येतो. रत्नागिरी पॅसेंजर टाळेबंदीपूर्वी दादरपर्यंत यायची. नंतर सुरू झाली ती दिव्यापर्यंतच. अधिकृत अडचण सांगतात ती अशी: दिव्याच्या अलीकडे लोकलची गर्दी, कुर्ल्यापुढे बाहेरगावच्या गाड्यांसाठी पाचवी-सहावी मार्गिका नाही, म्हणजे गाडी दादरला आणायची तर जलद लोकलच्या मधून काढायची. आणि इंजिनाची गाडी दादरला आली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं, तेवढा वेळ फलाट अडतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः या अडचणी लिहून दिलेल्या आहेत.

पण ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. म्हणजे कुर्ल्यापर्यंत बाहेरगावच्या गाड्यांना स्वतंत्र वाट मिळाली. आणि त्याच दादरहून नंतर उत्तरेकडे जाणाऱ्या विशेष गाड्या सुटू लागल्या. त्यांना फलाट मिळाला, कुर्ला ते दादर वाटही मिळाली. त्या गाड्यांच्या प्रवाशांशी माझं भांडण नाही, त्यांचीही गावं आहेत आणि तेही असेच कोंबून जातात. एवढंच म्हणतो की जागा नव्हती हे कारण तिथे संपतं. जागा होती, ती कुणाला द्यायची याचा निर्णय झाला. कोकणातल्या प्रवासी संघटना इतकी वर्षं हेच सांगताहेत आणि त्यात तांत्रिक चूक मला सापडत नाही.

दिव्याला गाडी तोडल्याने काय होतं, ते सकाळी तिथे उभं राहून बघा. मी निवृत्तीनंतर एकदा गणपतीच्या आधी मुद्दाम गेलो. सहाच्या आसपास सावंतवाडीची गाडी लागते. बोरिवली, नालासोपारा, घाटकोपर इथून निघालेला माणूस तिला गाठायचा तर पहिल्या लोकलवर भरवसा ठेवून चालत नाही. तो रात्रीच येऊन पुलावर पथारी टाकतो. पिशवीत मखराचं सामान, एका हाताला पोर, दुसऱ्या हाताला म्हातारी आई. फलाट लोकलच्या प्रवाशांसाठीच अपुरा. 2015 च्या जानेवारीत याच दिव्यात लोकलसाठी लोक रुळावर उतरले होते. त्या स्टेशनावर आणखी एका जिल्ह्याचे चाकरमानी आणून सोडायचे आणि वर म्हणायचं, मुंबईची गर्दी कमी केली.

गाडी दादरला येत नसेल तर निदान ठाण्याला आणा, असा एक टिपणवजा कागद मी नोकरीत असताना वर पाठवला होता. ठाण्याला मध्य आणि ट्रान्सहार्बर दोन्ही मिळतात, वेगवेगळ्या दिशेने माणसं पांगतात. कागद परत आला तो 'परिचालनदृष्ट्या शक्य नाही' एवढ्या तीन शब्दांनिशी. कुठल्या टेबलावरून आला ते सांगून आता उपयोग नाही. मीही त्या टेबलावर असतो तर कदाचित तेच लिहिलं असतं. त्या खुर्चीतून तक्ता तसाच दिसतो.

आता मेमू. तुमची आशा रास्त आहे, पण ती नेमकी कशासाठी ते समजून घ्या.

इंजिनाच्या पॅसेंजरला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. सगळं ओझं एकट्या इंजिनाने ओढायचं. मेमूत चार डब्यांमागे एक मोटर कोच, म्हणजे ओढणारी चाकं गाडीभर पसरलेली. ती लोकलसारखी झटक्यात सुटते. धरा की एका थांब्यामागे दोन मिनिटं वाचली. दिवा ते रत्नागिरी सुमारे 300 किलोमीटर. मधे तीस थांबे धरले तर तास वाचतो. तो तास फक्त प्रवाशाचा नाही, तक्त्यावरचाही आहे. पायऱ्यांची रेषा जरा सरळ होते, मागच्या एक्स्प्रेसला ती उशिरा भेटते, एखादं लूपला घेणं टळतं. शिवाय मेमूला दोन्ही टोकांना केबिन. इंजिन फिरवायला नको. दादरला येऊन दहा-पंधरा मिनिटांत परत निघू शकते. म्हणजे फलाट अडतो ही तक्रार जवळपास संपली.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर गणपतीत दिवा–चिपळूण मेमू विशेष म्हणून धावल्या. विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी, आंजणी असल्या स्टेशनांची माणसं त्यांनी उचलली आणि जगबुडी झाली नाही. जे गणपतीत जमतं ते भाद्रपद संपल्यावर का जमत नाही, हा प्रश्न विचारायला जागा आहे. उत्तर बहुतेक वेळा रेकचं, म्हणजे डब्यांच्या पूर्ण संचाचं असतं: मेमूचे रेक मोजके, त्यांच्या देखभालीचे शेड मोजके, आणि सणापुरता रेक कुठल्यातरी दुसऱ्या मार्गावरून उसना आणलेला असतो.

दुसरी अडचण एकेरी मार्गाची. रोहा–वीर दुहेरी झाला 2021 मध्ये. वीरच्या पुढे पुन्हा एकेरी. त्यावर राजधानी, दक्षिणेच्या गाड्या, मालगाड्या, ट्रक लादलेल्या रो-रो, सगळं एकाच रुळावर. पावसाळ्यात वेग कमी, वेळापत्रकच वेगळं. मेमू कितीही चपळ असली तरी समोरून गाडी येत असेल तर ती लूपला उभीच राहणार. दुहेरीकरण झालं नाही किंवा निदान क्रॉसिंगची स्टेशनं वाढली नाहीत, तर मेमू म्हणजे रखडायला जरा बरी गाडी, एवढाच अर्थ उरतो. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कडवई ही स्टेशनं नंतर वाढवली ती याच कामासाठी.

परत आलेल्या गाड्यांचंही सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. सगळ्यात चांगलं उदाहरण डहाणूचं. विरारपुढे शटल आणि लांबच्या गाड्यांवर भिस्त होती. 2013 च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. नंबरचा पहिला आकडा 9 झाला, आणि त्याबरोबर लोकलचं भाडं, लोकलचा पास, आणि मुख्य म्हणजे लोकलचा मान. लोकल अर्धा तास रखडली तर बातमी होते. शटल रखडली तर होत नव्हती. बोईसरच्या कारखान्यांत जाणारे, सातपाटीची मासळी घेऊन पालघरहून मुंबईला येणाऱ्या कोळणी, सगळ्यांचं जगणं त्यावर बसलं. तोटा एकच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: चर्चगेट ते डहाणू 124 किलोमीटर, आणि लोकलच्या रेकमध्ये शौचालय नाही. मेमूत असतं. वयस्कर माणसांना विचारा काय ते. आता विरार–डहाणू चौपदरीकरणाचं काम एमयूटीपी-3 या मुंबईच्या रेल्वे वाढवण्याच्या प्रकल्पात आहे. ते झाल्यावर फेऱ्या वाढवायला खरी जागा होईल. त्याच प्रकल्पात पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग आहे, त्याने रायगडच्या आतल्या पट्ट्याचं चित्र पालटेल.

वसई–दिवा–पनवेल मात्र माझ्या मनात रुतून बसलेला मार्ग. भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र. आजूबाजूला गोदामं आणि चाळी इतक्या वाढल्या की तिथे दर वीस मिनिटांनी गाडी सोडली तरी भरेल. आणि मेमूच्या फेऱ्या मोजक्या, कारण रूळ जेएनपीटी बंदराच्या कंटेनर गाड्यांनी व्यापलेले. पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पा याच पट्ट्यातून जातो. मालगाड्या तिकडे वळल्या की इथले पाथ मोकळे होतात. ते पाथ मोकळे होतील त्या दिवशी ते कोण मागतं, यावर सगळं आहे. आधीच मागून ठेवलेलं नसेल तर त्यात लांबच्या एक्स्प्रेस येऊन बसतील, आणि मग पुन्हा 'जागा नाही'. रिकामा पाथ आमच्याकडे चार दिवससुद्धा रिकामा राहत नाही.

माथेरानची गाडी 2016 च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर बंद झाली, मधे थोडी सुरू झाली, 2019 च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला, आणि 2022 च्या ऑक्टोबरात नेरळहून परत धावू लागली. तिच्यासाठी पैसा उभा राहिला, रूळ नव्याने घातले. आनंदच आहे. फक्त लक्षात घ्या, तिला परत आणायला 1907 चा वारसा आणि पर्यटक होते. निडीच्या थांब्याकडे असं काही नाही. उरणलाही मार्ग आधी खारकोपरपर्यंत आणि 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत गेला तो नव्या शहराच्या आणि बंदराच्या जोरावर. गावाचा जोर वेगळा दाखवावा लागतो.

तो कसा, हे विचारायला माझ्याकडे पुष्कळ जण येतात. निवेदनं आणतात. 'आमची पॅसेंजर पूर्ववत सुरू करा' असं मोठ्या अक्षरात, खाली दोनशे सह्या. अशा कागदावर 'नोंद घेतली' एवढंच लिहिलं जातं, कारण त्यावर काम काय करायचं ते टेबलावरच्या माणसाला कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: अमुक नंबरची गाडी, सध्या दिव्याला इतके वाजता येते, तिचा रेक तिथे इतके तास उभा असतो, तेवढ्या वेळात तो ठाण्याला नेऊन आणता येतो. किंवा: ही गाडी मेमूने चालवली तर इतके थांबे, इतका वेळ वाचेल, सुटलेल्या वेळात सकाळची एक जादा फेरी बसते. रेक किती वेळ उभा असतो ते फलाटावर दोन दिवस बसलं तरी कळतं. टेबलावरच्या माणसाला नकार द्यायचा असेल तर या कागदावर त्याला कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कारण पुढच्या वेळी खोडता येतं. विभागीय प्रवासी सल्लागार समितीत तुमच्या भागाचा सदस्य असतो. त्याच्या हातून द्या, आणि नवं वेळापत्रक लागू होण्याच्या सहा-आठ महिने आधी द्या. छापून आल्यावर मोर्चा नेला तर फार तर एक थांबा पदरात पडतो.

एसटीच्या आगारालाही तोच कागद द्या. कोकणात स्टेशनं गावापासून लांब पडली आहेत. गाडी पोचते आणि एसटी पाच मिनिटं आधीच निघून गेलेली असते, असं मी खेडला, चिपळूणला आणि तुमच्या संगमेश्वरलाही पाहिलंय. मग वडापवाला सांगेल तो भाव. गाडीच्या वेळेला एसटी लागली तर गाडीचे प्रवासी वाढतात, आणि ते मी म्हणतो म्हणून नाही, कुठल्याही आगारप्रमुखाला विचारा.

आणि एक अगदी साधं. गावाहून येताना तिकीट गावच्या स्टेशनावरच काढा. खिडकी बंद असेल तर तशी तक्रार लिहून ठेवा, पण दिव्याला जाताना परतीचं काढून मोकळे होऊ नका. ते दिव्याच्या खात्यात जातं.